पालघरला, अण्णांच्या पंगतीला

पालघरला कुणी हौसेनं जात नाही. देवाला जायचं असलं तर लोक गाडीतून उतरतच नाहीत, पुढं डहाणूला महालक्ष्मीला जातात. पालघरला उतरतो तो एक तर कचेरीच्या कामाचा माणूस, नाहीतर गवताचा व्यापारी. मी वाईच्या पेठेतला कापडवाला. माझं यांपैकी काहीच काम नव्हतं, म्हणून निघताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं की जेवायला चाललोय. ते हसले, कारण माझे जिभेचे चोचले त्यांना ठाऊक आहेत. पण खरं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मला माझ्या थोरल्या भावाला घरी आणायचं होतं.

अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून ते ऐन तारुण्यात पालघरला गेले. वहिनी तेव्हा वाईला आमच्याच घरी बाळंतपणात गेल्या. तार पोचून अण्णा येईपर्यंत माणसं कृष्णेच्या घाटावरून परतलीसुद्धा होती. त्यांनी घरातल्या कुणाला बोल लावला नाही, दुसरं लग्नही केलं नाही. पुढं बदल्यांचे हुकूम आले ते काही ना काही करून टाळले, आणि वर्षाकाठी एकदा दिवाळीला येऊन भाऊबीज होताच निघायचं असा रिवाज पाडून घेतला. निवृत्त झाले की येतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. निवृत्त होऊनही दोन पावसाळे उलटले. आई ऐंशीच्या घरात आलेली. तिचा थोरला लेक तिच्या डोळ्यांदेखत घरात असावा, आणि ती गेली तर यावेळी तरी तो तारेनं येऊ नये, एवढीच आमची इच्छा होती. आई स्वतः काही बोलली नव्हती. पण आईच्या मनातलं आपल्याला कळतं असं प्रत्येक मुलाला वाटतं, तसं मलाही वाटत होतं.

ही पासष्ट-सहासष्टच्या हिवाळ्यातली गोष्ट.

पालघर

गाडीतून उतरलो तर फलाटाच्या कडेनं गवताच्या गंजी. मुंबईच्या तबेल्यांना इथून मालगाडीच्या वाघिणी भरभरून गवत जातं, आणि अख्ख्या स्टेशनाला त्या वाळल्या गवताचा गोडसर वास. अण्णा घ्यायला आले होते. धोतर, काळी टोपी, पायात वहाणा. मी हाक मारली तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "चल, पंगत बसायची वेळ झाली," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. साठीचा माणूस, पण चाल अशी की पिशवी सावरत मला मागून धावावं लागलं.

खानावळ स्टेशनापासून फार लांब नाही. कौलारू घर, पुढं शेणानं सारवलेली पडवी, मागं केळी आणि विहीर. ही खानावळ यमुनावैनींची. त्या तिथल्याच वाडवळ समाजातल्या, पन्नाशीच्या पुढच्या. खानावळ त्यांच्या सासूनं काढली, तेव्हा गावात रात्रीच्या दिव्याचीही मारामार होती म्हणतात. तलाठी, पोस्टातले लोक, मनोरकडून बाजाराला आलेला एखादा दुकानदार, असे सगळे एका पंगतीला पाटावर बसतात. पहिला पाट अण्णांचा. अण्णांनी पहिला घास उचलल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. घरात सगळ्यात थोरले असूनही हा मान त्यांना आमच्याकडं कधी मिळालेला मी पाहिला नव्हता, कारण घरी ते जेवायला असायचेच कुठं?

आता जेवणाचं सांगतो. आम्ही जोंधळ्याची माणसं. तांदळाची भाकरी म्हणजे आमच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. पण वैनींच्या हातची ती पांढरी, पातळ, कडेला जरा फुगलेली भाकरी, तिच्याबरोबर वालाचं बिरडं आणि चिंचेचं आंबटसर कालवण असं ताट पुढं आलं, तेव्हा माझा घाटावरचा ताठा तिथंच उतरला. कालवणात मासा होता. आमच्या घरात मटण चालतं, मासा कुणाला खाता येत नाही. काटा घशात अडकेल या भीतीनं मी तो तुकडा बराच वेळ नुसता न्याहाळत होतो. शेजारी अण्णा मात्र ताटाकडं न बघता एकाच हाताच्या तीन बोटांनी काटा असा अलगद ओढून काढत होते की मांस जागचं हलत नव्हतं.

"पावण्यांना बिरडंच वाढते," वैनी म्हणाल्या. "मासं खायची सवय नाय दिसत."

"त्याला लहानपणी भाताचं शीतसुद्धा टोचायचं," अण्णा म्हणाले. पंगत हसली. तीस वर्षांत अण्णांनी केलेली माझी ही पहिली थट्टा असावी, आणि खोटं कशाला सांगू, मला ती फार आवडली.

जेवणं झाली की पालघर झोपतं. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागतात, कचेरीसमोरचे घोडे टांग्याला जुंपलेले उभ्या उभ्या डुलक्या घेतात. आमच्या पेठेत दुपारी झोपणारा दुकानदार म्हणजे दिवाळं काढायच्या वाटेवरचा माणूस. इथं दुपारी जागं राहणाऱ्याकडंच लोक संशयानं बघतात. खानावळीच्या पडवीत मात्र चार-पाच जण झोपत नाहीत. ते सोंगट्या खेळतात. जुना, विटलेला कापडी पट, लाकडी सोंगट्या आणि कवड्या. अण्णांच्या समोर दामूशेठ म्हणून गवताचे एक म्हातारे व्यापारी बसायचे. दोघांचा डाव अण्णांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून चाललेला.

अण्णा कवड्या टाकत आणि टाकल्याबरोबर सगळे एका सुरात दान ओरडत. "पंचवीस!" "तीन!" मग दामूशेठ आपल्या आणि अण्णांच्याही सोंगट्या कुठं कुठं आहेत ते मोठ्यानं बडबडत. "तुमची पिवळी माझ्या घराच्या दारात, अण्णा, आता मारता का सोडता?" मला वाटलं, काय ही हौस. आमच्याकडं पत्ते खेळतात तर कसे ओठ शिवल्यासारखे बसतात. त्या गलक्यात, त्या सारवलेल्या पडवीत, केळीच्या पानांची सावली हलत असताना मला किती तरी वर्षांनी खरीखुरी सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. मुख्य विषय काढायचं त्या दिवशी राहून गेलं.

तो सोमवार होता. धान्यटंचाईमुळं सोमवारी रात्री जेवण करायचं नाही असं सरकारचं आवाहन तेव्हा होतं, आणि वैनी ते कसोशीनं पाळत. पण संध्याकाळी त्यांनी उकडलेली रताळी पुढं ठेवली. "रताळं म्हंजे काय जेवान नाय," त्या म्हणाल्या. अण्णांनीही गंभीरपणे मान डोलावली. मी चार खाल्ली.

बोईसर, दांडी

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला समुद्र दाखवायला नेलं. बोईसरला उतरलो तर गाव कुठलं आणि बांधकामाची छावणी कुठली ते कळेना. तारापूरच्या किनाऱ्याला अणुवीज करायचा मोठा कारखाना उभा राहत होता. धुरळा उडवत ट्रक चाललेले, आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या हॉटेलांत "दो प्लेट, जल्दी!" अशी हिंदीची रेलचेल. एका हॉटेलात चहाला टेकलो तर शेजारच्या बाकावर आमच्याच बोलीचा सूर. कऱ्हाडकडचा गवंडी होता.

"हितं भात खाऊन खाऊन पोटाचा पार नगारा झालाय बघा," तो म्हणाला. "काम सरलं की एक दिस थांबायचा न्हाई मी. आपलं माणूस न्हाई तिथं दोन घास ग्वाड लागत न्हाईत."

मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. माझं अर्धं काम त्यानं केलं होतं. मी अण्णांकडं पाहिलं. ते बशीतला चहा शांतपणे फुंकत होते.

तिथून एस्टीनं आणि मग पायी दांडीला गेलो. दांडी म्हणजे कोळ्यांचं गाव. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उभ्या मांडवावर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. वास असा की घाटावरचा माणूस पहिल्यांदा नाकाला रुमाल लावतो आणि दुपारपर्यंत विसरून जातो. तिथं धाकलीबाय नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर जेवण मिळतं. पाटी नाही, टेबल नाही. मालधक्क्यावर सुकी मासळी चढवायला तिचा नवरा यायचा तेव्हापासूनची अण्णांची ही जागा.

वाळूत शिरल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाळूत पाय रुततो," म्हणाले. मला बरं वाटलं. त्यांनी असा हात शेवटचा कधी ठेवला होता ते आठवेना.

धाकलीबायनं ओले बोंबील तळून वाढले. या माशाला काटा असूनही नसल्यासारखा. मी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि मग डोळे उघडून बाकीचे संपवले. ती चुलीशी बसून मला नीट निरखत होती.

"यो तुमचा भाव काय, अण्णा?"

"हो. धाकटा."

"आय जीती हाय अजून?" हे तिनं मला विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मंग तुमी हितं काय करताव, अण्णा?" ती म्हणाली. "माजं दोन पोरगं दर्यात जातान. सांजचं परत आलं नाय तं माजा घास उतरत नाय. तुमची आय तं इतकी वर्सं वाट बघते. जा की घरा."

 अण्णांनी आणखी एक बोंबील मागितला. म्हातारीनं तो त्यांच्या ताटात टाकला नाही, हातात दिला. चहाचा कपही खाली न ठेवता त्यांच्या बोटांत धरवला.

जेवून आम्ही सुरूच्या झाडांखाली पडलो. वारा सुरूंतून वाहतो तेव्हा दूर कुणीतरी धान्य पाखडतंय असा आवाज येतो. समोर भरती चढत होती आणि शिडं उतरवलेल्या होड्या एकामागून एक काठाला लागत होत्या. बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या, नुसती झुंबड. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. आता बोलायचंच.

"बाबू," अण्णा समुद्राकडं तोंड करून म्हणाले, "होड्या दिसायला लागल्या का रे?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. होड्या आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या.

"लागल्या," मी म्हटलं.

मग सगळं ध्यानात आलं. फलाटावर मी हाक मारीपर्यंत न वळलेली मान, ताटाकडं न बघता जेवणं, पडवीतला तो दानाचा गलका. अख्ख्या पालघरला माहीत होतं, आणि कुणीही त्यांना कळू दिलेलं नव्हतं की आपल्याला माहीत आहे. मला भडभडून आलं. आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. आमचा माणूस आंधळा होत चालला होता, आणि त्याची काळजी परकी माणसं घेत होती. विषय काढायची भीती गेली. आता विचारायचं नव्हतं, न्यायचं होतं.

पण त्यांना तसं सांगायला तोंड उघडेना. म्हणून संध्याकाळी पालघरला परतल्यावर मी मागच्या दारी गेलो. वैनी विहिरीवर तांदूळ धूत होत्या. अण्णांना काय पचतं, काय पचत नाही, भाकरी कशी लागते, ताट कसं मांडायचं, हे मी त्यांना विचारलं. बायकोला सांगायचं होतं. वैनींनी सांगितलं. वाटी उजव्या हाताला, मीठ नेहमी एकाच जागी, कढत काही न सांगता पुढं ठेवायचं नाही. सांगता सांगता त्यांचा हात पाण्यात तसाच राहिला.

"कवा निंगताव?" त्यांनी विचारलं.

"उद्याच," मी म्हणालो. तेवढंच बोलणं झालं.

परत पंगतीला

बुधवारी सकाळपासून परसात काहीतरी शिजत होतं. दुपारी पाटावर बसलो तर केळीच्या पानावर उकडहंडी. हा त्यांच्याकडचा थंडीतला खास पदार्थ. वालपापडी, कोनफळ, रताळी, शेंगा, सगळं मसाल्यात कालवून, मडक्याचं तोंड केळीच्या पानानं बंद करून मंद आंचेवर तासन्‌तास ठेवायचं. माझ्या आयुष्यात मी त्याहून चवदार भाजी खाल्ली नाही. पण पंगत गप्प होती. तलाठी मान खाली घालून जेवत होता. कधी पंगतीला न बसणारे दामूशेठही आज येऊन शेवटच्या पाटावर बसले होते. पाहुण्यासाठी एवढा थाट केला असं वाटून मी आपला तारीफ करत होतो.

भात वाढायच्या वेळी वैनी लहान वाटी घेऊन अण्णांच्या समोर येऊन बसल्या.

"अण्णा, हात करा."

अण्णांनी जेवता हात पाण्यानं धुतला आणि तळवा पुढं केला. वैनींनी त्यावर चमचाभर दही घातलं, वर साखरेची चिमूट. अण्णा तसेच बसले. मग अंगठ्यानं त्यांनी ते चाचपलं.

"हे काय?"

"आमच्या सासूबायपास्न चालत आलंय," वैनी म्हणाल्या. "या घरातला मानूस कायमचा निंगाला तं तसाच जाऊ द्यायचा नाय."

"कोण निघालंय?"

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांची चूक नव्हती. त्यांच्या खानावळीत घरची माणसं येऊन 'हा कसा जेवतो' असं विचारतात ते एकदाच, माणूस नेताना. त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं, आणि रीतीप्रमाणं पार पाडलं. अण्णांना अजून कुणी काही सांगितलेलंच नाही, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

हातावर घातलेलं दही टाकता येत नाही, वाटीत परत करता येत नाही. ज्याच्या हातावर पडलं त्यानं ते खायचं आणि मागं न बघता निघायचं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. मला वाटलं, देवानंच माझं काम सोपं केलं. आणि त्याच क्षणी अण्णांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं की ते खातील तर बरं की न खातील तर बरं, हेही कळेनासं झालं.

अण्णांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. म्हणजे मी परवा बसलो होतो त्या पाटाकडं वळवलं, आज मी एक पाट पलीकडं होतो.

"बाबू, हात पुढं कर."

मी केला. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट शोधलं, आणि आपला तळवा माझ्या तळव्यावर उपडा केला.

"हा निघालाय," ते पंगतीला म्हणाले. "माझा भाऊ. संध्याकाळच्या गाडीनं." मग बोटांना लागलेलं दही त्यांनी भातात कालवलं आणि पुढचा घास घेतला. वैनी उठल्या त्या सरळ परसात गेल्या. बराच वेळ विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता, पण पाणी काही कुणी आणलं नाही.

मी दही खाल्लं.

त्या दुपारी सोंगट्या मांडल्या नाहीत. आम्ही दोघं गवताच्या गंजींच्या सावलीत बसलो. "तुला कालच कळलं ना, दांडीला?" अण्णांनी विचारलं. मी हो म्हटलं. डॉक्टरांना दाखवलंय, ते म्हणाले, आता सुधारायचं नाही, असंच हळूहळू जाणार.

"मग घरी चला," मी म्हटलं. "आम्ही सगळे आहोत. आई आहे."

"तिथं पहिल्या दिवसापासून तुम्ही मला हाताला धरून न्याल," ते म्हणाले. "प्रेमानंच न्याल. इथं मी अजून माझा चालतो. आणि बाबू, त्या घरात मला एकाच खोलीचं दार दिसतं, बाळंतिणीच्या. डोळे गेल्यावर तेवढंच दिसत राहील." मग म्हणाले, "आईला डोळ्यांचं सांगू नकोस."

स्टेशनापर्यंत तेच पुढं होते, मी मागं. रस्ता ओलांडताना एक बैलगाडी आडवी आली, तर तिच्या चाकाच्या आवाजानं आधी तेच थांबले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला होता, माझ्या डब्याच्या मागच्या डब्याकडं बघून.

वाई

घरात शिरलो तेव्हा आई सोप्यावर बसली होती. माझ्यामागं कुणी नाही हे तिनं बघितलं. मी पाय धुतले, तिच्याजवळ बसलो आणि खानावळीचं सगळं सांगितलं. पहिला पाट, उकडहंडी, वैनी, दामूशेठ. दह्याचंही सांगितलं. डोळ्यांचं तेवढं गाळलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं चालताना ठेचाळतो का रं?" तिनं विचारलं.

मी मान वर केली.

"दिवाळीत आला तवा हितल्या उंबऱ्याला दोनदा ठेचाळला," आई म्हणाली. "ज्या उंबऱ्यावर रांगला त्येला. तुमी सगळी फराळाच्या गडबडीत हुता. मी बघितलं. तिथं ठेचाळतो का, तेवढं सांग."

"नाही," मी म्हटलं. "तिथं नाही ठेचाळत."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला हात देऊन उठायला लागली. मी आधार द्यायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

"मग ऱ्हाऊ दे त्येला," ती म्हणाली. "थंडी सरली की मलाच तिकडं नेऊन आण."